पदवीला दुसरी भाषा पाली घ्या!

बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून एकच चर्चा सुरू होते. मुलाला कोणत्या कॉलेजात घालायचे, विषय कोणते घ्यायचे? दुसऱ्या भाषेचा रकाना मात्र घाईघाईत भरला जातो. 'पाली घेऊन काय पोट भरणार?' असे म्हणून आईवडीलच मुलांना मागे खेचतात. या पालकांशी आम्हाला चार शब्द बोलायचे आहेत.

आपल्या घरी लहान मुलांनाही पंचशील तोंडपाठ असते. पण त्यातल्या 'वेरमणी'चा अर्थ किती जणांना सांगता येईल? वेरमणी म्हणजे दूर राहणे आणि 'समादियामि' म्हणजे मी स्वीकारतो. म्हणजे पंचशील ही वरून आलेली आज्ञा नव्हे, आपण स्वतःहून घेतलेली जबाबदारी आहे. दोन शब्द कळले तर एवढे उलगडते, मग त्रिपिटक मुळातून वाचता आले तर? आज बुद्धाच्या नावावर कोणीही काहीही खपवतो. 'हे कुठे लिहिले आहे, दाखवा,' असे विचारणारी मुले आपल्या घरात तयार झाली पाहिजेत.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या कष्टाने शिकले. पाली शब्दकोशाचे कामही त्यांनी केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात छापले. आपल्या मुलांना तर मुंबई, पुणे, नागपूर या विद्यापीठांत पालीचे दार उघडे आहे.

पाली अवघडही नाही. देवनागरीतच वाचता येते. हत्थ म्हणजे हात, कम्म म्हणजे काम, अज्ज म्हणजे आज, सत्त म्हणजे सात. मराठी मुलाला ती परकी वाटत नाही.

राहिला पोटाचा प्रश्न. नुसत्या पालीवर नोकरी मिळेल, अशी खोटी आशा आम्ही लावत नाही. मुख्य विषय नोकरी पाहूनच निवडावा, पाली जोडीला घ्यावी. गोडी लागली तर पुढे एम.ए. करून प्राध्यापकीसाठी पाली विषयात नेट परीक्षा देता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. पण विद्यार्थीच आले नाहीत तर नुसता दर्जा काय कामाचा? बाके रिकामी राहिली की वर्ग बंद पडतात.

तेव्हा प्रवेश घेताना कॉलेजात पाली आहे का, हे आधी विचारा. नसेल तर दहा-वीस पालकांनी मिळून प्राचार्यांना अर्ज द्या. विहारात रोज उमटणारे शब्द आपल्या मुलांना समजले पाहिजेत. जय भीम!