मृदंगाचा पट्टा

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. दिंडोरीहून पायी निघायचे, तर मृदंग दिवसभर गळ्यात राहणार. पट्टा सुटला की खोड तडकते, शाई उडते, भजन वाटेतच अडते.

म्हणून पट्टा एकाच वादीला अडकवू नये; सारा भार तिच्यावर येऊन ती ताणते, सूरही बिघडतो. दोन्ही टोकांशी तीन-चार वाद्या मिळून पट्टा ओवा, दुहेरी गाठ मारा, उरलेले टोक आत खोचा. दंवाने कातडे सैल पडते. तेव्हा रोज सकाळी गाठ ओढून बघा. पट्टा रुंद असला म्हणजे खांद्याला काचत नाही.

गुरुजींनी लेझमीच्या ढोलालाही हीच कसोटी लावावी: खाली सतरंजी अंथरून दोन हिसके द्यावेत. गाठ टिकली, मगच मुलाच्या गळ्यात ढोल घालावा.