आधी रस्ता, मग घर

मुकुंदवाडीत एका बाजूला सिडकोची आखीव घरे दिसतात, तर दुसऱ्या बाजूला जुन्या गावाच्या गल्ल्या. दोन्हीकडची माणसे एकाच जालना रस्त्याने चिकलठाण्याच्या कारखान्यांत जातात. मग इकडे रस्ता रुंद आणि तिकडे टँकर वळणेही मुश्कील, असे का? माझ्या मते हा फरक क्रमाचा आहे.

सिडकोने १९७०च्या दशकापासून आधी जमीन घेतली, रस्ते आखले, नळ टाकले आणि मग घरे बांधली. गावालगतच्या शेतांत मात्र घर आधी आले. कामासाठी आलेल्या माणसाने बाँड पेपरवर गुंठा-दोन गुंठे घेतले आणि चार भिंती उभ्या केल्या. हीच आपली गुंठेवारी. त्याच्या ऐपतीत दुसरे घर नव्हते, हेही विसरू नये. नकाशा मागाहून आला आणि त्यावरचा रस्ता कुणाच्या तरी ओट्यावरून गेला.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये झाला. २०२१च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्यात आली. घराला कागद मिळाला, पण कागदाने गल्ली रुंद होत नाही. जून २०२५ मध्ये मुकुंदवाडीत जालना रस्त्यालगतची बांधकामे पाडली गेली. नियोजनाला झालेल्या उशिराची किंमत अशी छोट्या दुकानदाराला मोजावी लागते.

दुसरा प्रश्न कारभाराचा. १९७१ मध्ये दीड लाखाच्या आसपास असलेले हे शहर २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेले. १९८२ मध्ये महापालिका झाली, पण वस्ती तिच्या हद्दीत थांबली नाही. ती वाळूज, शेंद्रा, बिडकीनकडे पसरली. तिथे ग्रामपंचायत वेगळी, औद्योगिक महामंडळ वेगळे, महानगर विकास प्राधिकरण आणखी वेगळे. पाणी मात्र साऱ्यांना जायकवाडीचेच हवे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने अशा प्रदेशासाठी नियोजन समिती सांगितली आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडावेत असे म्हटले. आपल्याकडे तर एप्रिल २०२० नंतर पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेतच नगरसेवक नव्हते. गल्लीतल्या बाईने पाण्याची तक्रार न्यायची कुणाकडे?

शेंद्र्याच्या वाटेवर कुंभेफळ, करमाडकडे आता शहर सरकते आहे. तिथल्या शेतांत रस्त्याची रेघ आजच आखली, तर उद्या कुणाचा ओटा तुटणार नाही. मुकुंदवाडीने एवढे तरी आपल्याला शिकवले पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)