एकसारख्या रॅकेटींची ओळख व मांडणी

शाळेच्या क्रीडासाहित्यात एकाच जातीच्या अनेक वस्तू असतात. लेझीम, डंबेल्स, उडीच्या दोऱ्या यांचा वापर सामुदायिक असल्याने कोणती वस्तू कोणाच्या हाती गेली, याची चौकशी सहसा होत नाही. टेनिसच्या रॅकेटीचे तसे नाही. तिचे वजन, तिची मूठ, तिच्या जाळीचा ताण यांचा परिणाम खेळणाऱ्या मुलाच्या मनगटावर व खेळावर थेट होतो. म्हणून शाळेत एकसारख्या दिसणाऱ्या अनेक रॅकेटी आल्या असता त्या ओळखाव्या कशा, आणि कोणत्या क्रमाने ठेवाव्या व वापराव्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विचार मला सुचला तो एका चुकीमुळे. आमच्या शाळेस एकदा बारा रॅकेटी देणगीदाखल मिळाल्या. रंग एक, आकार एक, नाममुद्रा एक. आठवड्याभरातच एकीची तार तुटलेली आढळली. आदल्या दिवशी ती चौथीतील एका मुलीच्या हाती होती, असे दोघा मुलांनी सांगितले. ती मुलगी पुनःपुन्हा म्हणत होती, “गुरुजी, ही माझ्याकडं नव्हती.” मी तिला बेजबाबदारपणाबद्दल बोललो. त्यानंतर ती मैदानाकडे फिरकेनाशी झाली. तिचे म्हणणे खरे की मुलांचे, हे ठरविण्यास माझ्याजवळ काहीच साधन नव्हते. कारण त्या बारा रॅकेटींपैकी कोणतीही एक दुसरीपासून वेगळी ओळखता येत नव्हती. या प्रसंगाकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा येऊ.

(१) सारखेपणा कोठवर असतो?

टेनिसच्या नियमांप्रमाणे रॅकेटीची एकूण लांबी ७३.७ सेंटिमीटरपेक्षा व रुंदी ३१.७ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. प्रौढांच्या बहुतेक रॅकेटी सुमारे ६८.५ सेंटिमीटर, म्हणजे २७ इंच लांबीच्या असतात. मुलांसाठी १९, २१, २३, २५ व २६ इंच लांबीच्या रॅकेटी मिळतात. मुलाने सरळ उभे राहून हात खाली सोडावा व हातात रॅकेट धरावी. तिचे टोक जमिनीस जेमतेम टेकले किंवा किंचित वर राहिले, तर लांबी योग्य समजावी. टोक जमिनीवर घासत असेल तर ती रॅकेट त्या मुलास मोठी आहे.

पूर्वी रॅकेटी लाकडाच्या असत. लाकडाचा पोत प्रत्येक तुकड्यात निराळा, त्यामुळे दोन रॅकेटी तंतोतंत सारख्या होणे कठीणच होते. दमट हवेत चौकट वाकडी होऊ नये म्हणून ती चार मळसूत्रे असलेल्या लाकडी साच्यात आवळून ठेवीत. १९८० नंतरच्या दशकात ग्रॅफाइटच्या रॅकेटींनी लाकडाची जागा घेतली. मुलांच्या स्वस्त रॅकेटी बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. साच्यातून निघालेल्या या रॅकेटी डोळ्यांस एकसारख्या दिसतात, परंतु तराजूस तशा दिसत नाहीत. एकाच नमुन्याच्या दोन रॅकेटींच्या वजनात काही ग्रॅमचा फरक सहज आढळतो. म्हणून डोळ्यांनी केलेली पारख पुरेशी मानू नये. मोजमाप करावे.

मोठ्या स्पर्धांतील खेळाडू सहा-सात किंवा अधिक रॅकेटी बरोबर नेतात, हे पुष्कळांस केवळ वैभवाचे लक्षण वाटते. वस्तुतः त्यामागे गरज आहे. तार कोणत्या क्षणी तुटेल याचा नेम नसतो, आणि ताणलेली तार न तुटताही हळूहळू सैल पडत जाते. या स्पर्धांत प्रथम ७ गेमनंतर व पुढे दर ९ गेमनंतर चेंडू बदलतात. कित्येक खेळाडू त्याच वेळी ताजी जाळी असलेली रॅकेट हाती घेतात. नवी रॅकेट जुनीसारखीच हातात बसावी म्हणून त्या सर्व वजनाने व तोलाने जुळवून घेतलेल्या असतात. हलक्या पडलेल्या रॅकेटीस शिशाची पातळ पट्टी चिकटवून ती इतरांच्या बरोबरीस आणतात. इतक्या जुळविलेल्या रॅकेटी पुन्हा ओळखता याव्यात म्हणून मुठीच्या बुडाशी क्रमांक घालण्याची रीत आहे. तात्पर्य, वस्तू जितक्या सारख्या, तितकी खुणेची आवश्यकता अधिक.

(२) चार मोजमापे

शाळेत उपलब्ध असलेल्या साधनांनी पुढील चार मोजमापे करता येतात. पाचवी ते सातवीच्या मुलांकडून ती करवून घेतल्यास गणिताचा व विज्ञानाचा उत्तम पाठ होतो.

वजन : स्वयंपाकघरातील साधा विजेरी काटा पुरतो. प्रौढांच्या जाळीसह रॅकेटीचे वजन साधारणतः २६० ते ३४० ग्रॅम भरते. मुलांच्या रॅकेटी यापेक्षा हलक्या असतात. प्रत्येक रॅकेट तीनदा तोलावी व सरासरी लिहावी.

तोलबिंदू : फूटपट्टी कडेवर उभी धरून तिच्यावर रॅकेट आडवी ठेवावी व ती समतोल राहील अशी पुढेमागे सरकवावी. तो बिंदू मुठीच्या बुडापासून किती सेंटिमीटरवर आहे, हे मोजावे. समजा, दोन रॅकेटींचे वजन प्रत्येकी २८० ग्रॅम आहे, पण एकीचा तोलबिंदू ३३ व दुसरीचा ३५ सेंटिमीटरवर आहे. २८० ला ३३ ने गुणल्यास ९,२४० येतात व ३५ ने गुणल्यास ९,८००. हा ५६० चा फरक म्हणजे ६८.५ सेंटिमीटर लांबीच्या रॅकेटीच्या टोकाशी सुमारे ८ ग्रॅम वजन बांधल्याने पडणारा फरक होय. तराजू जेथे “समान” म्हणतो, तेथे मुलाचे मनगट “जड” का म्हणते, हे या उदाहरणावरून मुलांना पटते.

मूठ : मुठीभोवती दोरा गुंडाळून तो फूटपट्टीवर मोजावा. प्रौढांच्या मुठी चार इंचांपासून चार इंच पाच अष्टमांशापर्यंत असतात व त्यांना ० ते ५ असे क्रमांक देतात. प्रत्येक क्रमांकागणिक घेर इंचाच्या आठव्या हिश्श्याने वाढतो. क्रमांक २ ची मूठ सव्वाचार इंचांची होय. मुठीवर वरून पट्टी गुंडाळली असेल तर घेर वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

जाळीचा ताण : पूर्वी जाळी जनावरांच्या आतड्यांच्या तातीची असे व उत्तम प्रतीची अजूनही असते. शाळेत येणाऱ्या रॅकेटींची जाळी मात्र बहुधा नायलॉनची असते. ताण मोजण्याचे यंत्र शाळेत नसले तरी कान असतात. एकाच नमुन्याच्या, एकाच जातीची तार असलेल्या रॅकेटींच्या जाळीवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. उंच स्वर देणारी जाळी ताठ व खर्ज स्वर देणारी सैल. ज्यांनी तबला लागताना ऐकला आहे, ती मुले हा फरक चटकन ओळखतात. निरनिराळ्या आकारांच्या रॅकेटींची तुलना मात्र या रीतीने करू नये.

वजन व तोलबिंदू जुळूनही दोन रॅकेटी फिरविताना वेगळ्या वाटल्या, तर आणखी एक प्रयोग करावा. चौकटीच्या वरच्या कडेच्या आतून, दोन तारांमधील जागेत भिंतीवरचा खिळा येईल अशी रॅकेट टांगावी, आणि लहान वीस झोक्यांस लागणारा वेळ मोजावा. जिला अधिक वेळ लागतो तिचे वजन मध्यापासून दूर, दोन्ही टोकांकडे विखुरलेले आहे व ती फिरविण्यास अधिक जोर लागतो.

(३) खुणा कशा कराव्यात?

क्रमांक ही मुख्य खूण. तो तैलरंगाने दोन ठिकाणी घालावा : मुठीच्या बुडाशी आणि दांडा जेथे दुभंगून चौकटीस मिळतो तेथे आतील बाजूस. चाकूने किंवा खिळ्याने चौकटीवर कोरू नये, तिला भोकही पाडू नये. ग्रॅफाइटची चौकट अशा ओरखड्यापासून तडकू शकते.

लांबीचा गट दाखविण्यासाठी मुठीच्या वरच्या कडेस रंगीत पट्टी गुंडाळावी. तथापि केवळ रंगावर विसंबू नये. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल व हिरवा यांतील भेद स्पष्ट दिसत नाही. अशा मुलास वर्गापुढे चुकल्यासारखे वाटू नये म्हणून एका गटास एक पट्टी, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन अशी योजना करावी. पट्ट्या बोटांनीही मोजता येतात. जाळीवर बसविण्याचा रबरी तुकडा खूण म्हणून वापरावयाचा असेल, तर तो उभ्या-आडव्या तारांच्या विणीबाहेर, मुठीकडील बाजूस बसवावा. नियमही तसाच आहे.

(४) मांडणी व वापर

रॅकेटी ढिगाने किंवा पोत्यात ठेवू नयेत. भिंतीवर फळी लावून खुंट्या ठोकाव्यात, प्रत्येक खुंटीखाली क्रमांक लिहावा व रॅकेटीची बाह्यरेषा खडूने किंवा रंगाने काढावी. रिकामी आकृती दिसताच कोणती रॅकेट परत आली नाही, हे न मोजता समजते. पत्र्याच्या छपराखालील उन्हाने तापणारी भिंत टाळावी, कारण उष्णतेने जाळीचा ताण लवकर उतरतो.

वापरही क्रमानेच व्हावा. मुलांवर सोपविल्यास तीच चार रॅकेटी रोज उचलल्या जातात व उरलेल्या भिंतीवरच राहतात. आज १ ते ६, उद्या ७ ते १२ असा फेर धरल्यास झीज सारखी होते. निरनिराळ्या लांबींचे गट असतील तर हा फेर प्रत्येक गटात स्वतंत्र धरावा. जडसंग्रह नोंदवहीत “रॅकेटी, नग १२” एवढी नोंद हिशेबास पुरते, शिक्षणास पुरत नाही. म्हणून एक वेगळी वही ठेवावी. तीत प्रत्येक क्रमांकास एक पान द्यावे व वजन, तोलबिंदू, मूठ, जाळी बसविल्याची तारीख, दुरुस्ती आणि तुटल्यास तार नेमकी कोठे तुटली, हे लिहावे. वही सांभाळण्याचे काम मुलांकडे पाळीपाळीने द्यावे.

(५) नोंदवहीने काय दाखविले?

आम्ही वरीलप्रमाणे क्रमांक घातले व वही सुरू केली. पुढील काही महिन्यांत ७ क्रमांकाच्या पानावर तार तुटल्याची नोंद तीनदा झाली. तिन्ही वेळा मुले निराळी होती, पण तुटण्याची जागा एकच होती. रॅकेट उन्हात धरून पाहिली, तेव्हा त्या ठिकाणच्या छिद्रातील प्लास्टिकची नळी नाहीशी झालेली आढळली. छिद्राची उघडी पडलेली धातूची कड तार कापीत होती. नळी बसविली आणि तार तुटणे थांबले.

पहिल्या दिवशी तुटलेली रॅकेट हीच असावी. तीही त्याच जागी तुटली होती, एवढे मला आठवत होते. ती त्या मुलीच्या हाती होती की नव्हती, हे आता कधीच कळणार नाही. पण कोणाच्याही हाती असती तरी ती तुटलीच असती. रॅकेटीस क्रमांक नव्हता, म्हणून रॅकेटीचा दोष मुलीच्या माथी गेला. मी ती वही घेऊन वर्गात गेलो, ७ क्रमांकाचे पान सर्वांसमक्ष वाचून दाखविले आणि माझी चूक झाली असे तिला सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर आली आणि फळीवरून तिने ७ क्रमांकाचीच रॅकेट मागून घेतली.

शिक्षक-शिक्षिकांनी आपापल्या शाळेतील एकसारख्या वस्तूंना या दृष्टीने एकदा तपासून पाहावे. क्रमांक घालण्यास रंगाची एक लहान डबी व एक दुपार पुरते. आणि पुढे एखादी वस्तू मोडली, तर मुलाकडे पाहण्यापूर्वी त्या वस्तूचे पान उघडून पाहावे.