तुटलेला मज्जातंतू पुन्हा कसा फुटतो

कापणीच्या दिवसांत विळा हातातून निसटतो. कधी ऊस तोडताना कोयता मनगटावर बसतो. रक्त वाहते. फडके बांधतात, टाके घालतात. पंधरा दिवसांत जखम भरून येते. घरची माणसे म्हणतात, "चला, निभावलं." पण त्या हाताची दोन बोटे सुन्नच राहतात. गरम तवा लागला तरी चटका कळत नाही. सुई धरता येत नाही. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. मग माणूस घाबरतो. जखम तर भरली, मग बोटे का मेली?

कातडीची जखम जागच्या जागी सांधते. आतल्या मज्जातंतूचे तसे नाही. त्याची भरून येण्याची रीत निराळी आहे. ती रीत समजली, तर हात गेला म्हणून कुणी घरी रडत बसणार नाही आणि वेळही दवडणार नाही. ही रीत शास्त्रज्ञांना पुष्कळशी उंदरांकडून कळली आहे.

आधी मज्जातंतू म्हणजे काय ते पाहू. बोलताना आपण सगळ्यांनाच शीर म्हणतो. पण रक्ताची शीर पोकळ असते. तिच्यातून रक्त वाहते. मज्जातंतूतून रक्त वाहत नाही, निरोप जातो. 'हात उचल' हा निरोप वरून खाली येतो. 'चटका बसला' हा निरोप खालून वर जातो. हातापायांतला मोठा मज्जातंतू पांढरट दोरीसारखा दिसतो. दोरीत सुताचे धागे असतात, तसे त्यात हजारो बारीक धागे असतात.

यातला प्रत्येक धागा एकेका पेशीला फुटलेला असतो. आपले सगळे शरीर पेशींचे बनले आहे, जसे घर विटांचे. फरक इतकाच, की या विटा जिवंत आहेत. धाग्याची पेशी पाठीच्या कण्यात किंवा कण्याच्या अगदी लगत असते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, इतकी लहान. पण तिचा धागा पार पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचतो. मोठ्या माणसात तो मीटरभर लांब भरतो. झाड पाठीत आणि मूळ अंगठ्यात, असा हा प्रकार आहे.

हे मूळ मध्येच तोडले तर काय होईल? इंग्लंडमधले डॉक्टर ऑगस्टस वॉलर यांनी हे पाहायचे ठरवले. त्यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापले आणि सूक्ष्मदर्शकातून रोज पाहत राहिले. पेशीपासून तुटलेला पुढचा भाग काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन नासून गेला. पेशीला जोडलेला भाग मात्र जिवंत राहिला. १८५० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

पुढे कळले, की जिवंत राहिलेल्या टोकाला नवे फुटवे येतात. ऊस तोडला तरी जमिनीतला बुडखा मरत नाही. त्याला फुटवे येतात, आणि त्यालाच आपण खोडवा म्हणतो. मज्जातंतूचाही खोडवा येतो म्हणा ना! पण उसाच्या फुटव्याला वर मोकळे आकाश असते. या फुटव्याला मांसातून नेमकी जुनी वाट शोधत बोटापर्यंत जायचे असते. हे काम सोपे नाही.

फुटवा कुणाच्या हुकमाने येतो? इथे जनुकांची ओळख करून घ्यावी लागेल.

तलाठ्याच्या दप्तरात गावच्या सगळ्या जमिनींच्या नोंदी असतात. पण तलाठी रोज सगळे दप्तर वाचत बसत नाही. ज्याचे काम निघेल त्याचे पान काढतो. प्रत्येक पेशीत असेच एक दप्तर असते. त्यात सुमारे २० हजार पाने आहेत असे समजा. ही पाने म्हणजेच जनुके. एकेका पानावर एकेक वस्तू कशी बनवायची ते असते. डोळ्यातल्या पेशीत, काळजातल्या पेशीत, पाठीतल्या पेशीत दप्तर तेच. पण प्रत्येक पेशी आपल्या कामाची पाने उघडते, बाकीची मिटून ठेवते. पान उघडून त्याप्रमाणे काम सुरू झाले, म्हणजे जनुक जागे झाले असे आपण म्हणू.

आता कुणी विचारील, "अहो, पण उंदराचं आम्हांला काय?" उंदराच्या दप्तरातली पाने जवळजवळ आपल्याइतकीच आहेत, आणि बरीचशी आपल्या पानांशी जुळतात. शिवाय उंदीर लहान, त्यामुळे फुटव्याची वाटही लहान. उंदराला भूल देऊन त्याच्या मांडीतला मज्जातंतू चिमट्यात चेपला, तर तीन-चार आठवड्यांत तो पुन्हा नीट चालू लागतो. एवढ्या अवधीत सगळा प्रकार पाहून होतो.

उंदरात असे दिसले, की धागा तुटताच त्याची खबर धाग्यातूनच पाठीतल्या पेशीला पोचते. एका दिवसाच्या आतबाहेर दप्तराची उलथापालथ होते. शेकडो जनुकांचा कारभार बदलतो. निरोप वाहण्याच्या कामाची पुष्कळ पाने मिटतात. वाढीची पाने उघडतात. यांतली काही पाने पिल्लू आईच्या पोटात असताना उघडली होती, नंतर बरीचशी मिटून ठेवलेली होती. जखम झाली आणि पेशीला पुन्हा बाळपण आले!

यात 'जून' नावाचे एक जनुक मुकादमासारखे आहे. ते जागे झाले, की इतर पुष्कळ जनुकांना जागे करते. ज्यांच्या मज्जापेशींत हे जनुक नाही असे उंदीर शास्त्रज्ञांनी मुद्दाम तयार केले. त्यांच्या चेहऱ्याचा मज्जातंतू कापून पाहिला. फुटवे फार कमी आले. स्नायूंपर्यंत थोडेच पोचले. हे २००४ साली सिद्ध झाले.

पण एकट्या पेशीने भागत नाही. धाग्याभोवती दुसऱ्या पेशी गुंडाळलेल्या असतात. त्यांना श्वान पेशी म्हणतात. कुत्र्याशी त्यांचा काही संबंध नाही. थिओडोर श्वान नावाचे जर्मन शास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांचे हे नाव. एरवी या पेशी धाग्याला वेष्टण घालून बसलेल्या असतात. धागा मेला, की त्या आपले जुने काम सोडतात, मेलेले तुकडे साफ करू लागतात, आणि रांगेने उभ्या राहून फुटव्याला वाट दाखवतात. त्यांच्याही दप्तरात जूनचेच पान उघडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवले, की श्वान पेशींत जून नसले तर साफसफाई नीट होत नाही आणि वाटही नीट लागत नाही.

साफसफाईला एवढे महत्त्व का, ते ऑक्सफर्डच्या उंदरांनी शिकवले. तिथले शास्त्रज्ञ तुटलेला मज्जातंतू साफ करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा येतात ते पाहत होते. एका जातीच्या उंदरांत त्यांना भलतेच दिसले. इतर उंदरांचा तुटलेला धागा दीड-दोन दिवसांत निकामी होतो. या उंदरांचा धागा पेशीपासून तोडला, तरी दोन आठवडे निरोप नेतच राहिला! मुळावेगळी फांदी पंधरा दिवस हिरवी राहावी, तसे हे झाले. १९८९ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. पुढे बारा वर्षे शोध घेतल्यावर २००१ साली या उंदरांच्या दप्तरातले ते वेगळे पान सापडले. यावरून एक नवीच गोष्ट उमगली. तुटलेला धागा नुसता उपासमारीने मरत नाही. स्वतःला मोडून टाकायची सोय त्याच्यातच असते. या उंदरांत ती सोय फार उशिरा चालू होते.

तुम्ही म्हणाल, बरेच झाले, या उंदरांचा मज्जातंतू लवकर बरा होत असेल. पण घडले उलटेच. त्यांच्यात नवा फुटवा उशिरा पुढे सरकला. शेतात जोंधळ्याची धसकटे तशीच उभी असतील तर नवी पेरणी कशी होणार? जुने मोडून वाट मोकळी झाली, तरच नवे पुढे जाते.

हातापायांत हे सारे घडते. पाठीच्या कण्यातून जाणारी मोठी दोरी तुटली, तर मात्र असे फुटवे येत नाहीत. तिथे श्वान पेशी नसतात, साफसफाई फार हळू होते, आणि वाढीला अडवणारे पदार्थही असतात. शिवाय दप्तरही नीट उघडत नाही. याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. स्पर्श कळवणाऱ्या काही पेशींच्या धाग्याला दोन फांद्या असतात. एक पायाकडे जाते, दुसरी कण्यातून वर जाते. पायाकडची फांदी तोडली तर पेशी जागी होते. कण्यातली तोडली तर ती जवळजवळ झोपूनच राहते. पण मोठ्या पांढऱ्या उंदरांत आधी पायाकडची फांदी तोडली, आणि आठवड्याने कण्यातली, तर कण्यातल्या फांदीलाही फुटवे आले. पेशी एकच, दप्तरही एकच. वाढीची पाने आधीच उघडी होती, एवढाच फरक. हा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या मोडलेल्या कण्यावर अजून असा खात्रीचा उपाय निघालेला नाही. पण शोध कुठे करायचा ते या प्रयोगांनी दाखवले आहे.

आता कोयता लागलेल्या हाताकडे वळू. माणसात फुटवा दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे जातो. मोजपट्टीवरची सर्वांत बारीक खूण तेवढी असते. मनगटापासून बोटाचे टोक १८ सेंटीमीटर धरले, तर १८० दिवस झाले. सुरुवातीचे काही आठवडे निराळेच. दंडावर लागले तर वर्षाहून अधिक. मज्जातंतू नुसता चेपला असेल, तर आतल्या वाटा शाबूत राहतात आणि फुटवे आपोआप पोचतात. पण पुरता कापला गेला असेल, तर दोन टोके दूर सरकतात. फुटवे भरकटतात आणि त्यांची दुखरी गाठ होते. म्हणून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ती टोके जोडतात. मधला तुकडा फारच गेला असेल, तर पोटरीतला कमी गरजेचा मज्जातंतू काढून तिथे बसवतात. वरून चोळलेले तेल ही टोके जोडू शकत नाही.

यात उशीर झाला तर काय होते? श्वान पेशी फुटव्याची वाट पाहत कायम उभ्या राहत नाहीत. लंडनच्याच शास्त्रज्ञांनी २०२१ साली उंदरांत दाखवले, की फार दिवस गेले किंवा उंदीर म्हातारा झाला, म्हणजे श्वान पेशींतले जून मंदावते. ते त्यांनी पुन्हा वाढवले, तर फुटवे पुन्हा चांगले आले. माणसासाठी तसे औषध अजून नाही. आणि वर्ष-दीड वर्ष निरोप न मिळालेला स्नायू पुढे निरोप आला तरी पुरता सावरत नाही. म्हणून हात कापल्यावर बोट सुन्न आहे किंवा वळत नाही असे वाटले, तर टाके घालणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी सांगावे. "जखम भरू दे, मग बघू" असे म्हणू नये.

वाट पाहण्याच्या दिवसांत सुन्न बोटे चुलीपासून जपावी लागतात. भाजले तरी ती ओरडत नाहीत. रोज डोळ्यांनी पाहावे. डॉक्टर सांगतील तशी बोटे दुसऱ्या हाताने वळवावी, म्हणजे सांधे आखडत नाहीत.

फुटवा पुढे येतो आहे की नाही, हे कसे कळते? १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधले डॉक्टर तिनेल आणि जर्मनीतले डॉक्टर हॉफमन यांनी एकच खूण सांगितली. लढाईत दोघे समोरासमोरच्या बाजूंना होते, आणि दोघांनाही ती आपापली सापडली. मज्जातंतूच्या वाटेवर कातडीवरून बोटाने हळूच टकटक करायचे. जिथे फुटव्याचे टोक आले असेल, तिथे टिचकी मारताच सुन्न बोटांत मुंग्या येतात. डॉक्टर ती जागा मनगटापासून मोजून लिहून ठेवतात. पुढच्या महिन्यात पुन्हा टकटक करतात. मुंग्यांची जागा दोन-तीन सेंटीमीटर बोटांकडे सरकलेली असली, तर फुटवा वाटेला लागला आहे.