पोरीचं नाव कोणाच्या मस्टरवर?

केळझरहून आम्ही गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या बैठकीत आमच्यापुढे दोन गोष्टी एकदमच आल्या. एका ताईनं गटाकडे चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. पोरगी बारावी झाली आहे आणि तिला नागपुरात विमानतळावरच्या कामाचा कोर्स करायचा आहे. त्याच बैठकीत दुसरी ताई मान खाली घालून बसली होती. तिचा पोरगा एका विमानतळावर सामान चढवायचं काम करत होता. ठेकेदाराचा फोन आला, "उद्यापासून येऊ नको, काम कमी झालं." दोन महिन्यांचा पगार अडकला आहे आणि हातात एकही कागद नाही. एकीचं लेकरू ज्या दारातून आत जायला निघालं, त्याच दारातून दुसरीचं बाहेर आलं. कर्जाचा निर्णय आम्ही पुढं ढकलला आणि ठरवलं, आधी हे काम नीट समजून घेऊ. जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

विमान आपल्याला लांबचं वाटतं, पण ते लांब राहिलेलं नाही. आपलं गाव नागपूर-वर्धा रस्त्यावर. याच रस्त्यानं बुटीबोरी मागं टाकली की आधी मिहान लागतं आणि मग सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ. मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायचा मोठा कारखाना आहे. तेव्हा आपल्या पोरापोरींना तिथं जावंसं वाटणारच.

आता आधी आपल्या वावरातलं बघू. शेतकऱ्याकडे एक सालदार असतो. त्याचं वर्षाचं बोलणं ठरलेलं असतं. दुसऱ्या आपण रोजानं जाणाऱ्या बाया. निंदण आहे तोवर बोलावणं, संपलं की घरी. तिसरी रीत गुत्त्याची. सोयाबीनची सोंगणी गुत्त्यानं दिली की मालक फक्त मुकादमाशी बोलतो. किती बाया आणायच्या, किती पैसे द्यायचे, ते मुकादम बघतो. नापिकीच्या वर्षी पहिला हात रोजदार बायांवर आणि गुत्त्यावर पडतो, सालदारावर सगळ्यात शेवटी.

विमान कंपनीचंही असंच चालतं. वैमानिक आणि विमानातल्या हवाई सुंदरी बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या मस्टरवर असतात. पण बॅगा चढवणं-उतरवणं, विमान झाडणं-पुसणं, चाकाच्या खुर्चीतून म्हाताऱ्या माणसांना नेणं, जेवणाचे डबे भरणं ही कामं पुष्कळ वेळा दुसऱ्या कंपनीला दिलेली असतात. ती कंपनी कधी कधी पुढं तिसऱ्याला देते. अंगावरच्या गणवेशावर एक नाव आणि पगाराच्या चिठ्ठीवर भलतंच नाव, असं होतं. यालाच आउटसोर्सिंग म्हणतात. आपल्या भाषेत गुत्ता.

एअर इंडियाचं उदाहरण घ्या. ही सरकारची विमान कंपनी २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडे गेली. पण जमिनीवरची कामं करणारी तिची एक कंपनी आणि विमानं दुरुस्त करणारी दुसरी कंपनी त्या विक्रीत नव्हती, त्या वेगळ्या राहिल्या. जमिनीवरच्या कामांच्या त्याच कंपनीनं जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिना इथं भरती काढली. सामान चढवणं-उतरवणं असं काम, दोन हजारांच्या आसपास जागा आणि नोकरी कराराची. तिथं हजारोंनी पोरं लोटली, चेंगराचेंगरी होते की काय अशी वेळ आली. थेट बुलढाण्याकडचीही पोरं रांगेत होती. शेवटी अर्ज जमा करून पोरांना घरी पाठवावं लागलं.

कंपन्या असं का करतात? विमानाचा धंदा मेथीच्या जुडीसारखा आहे. आज विकली नाही तर उद्या सुकली. विमान उडालं आणि खुर्ची रिकामी गेली, तर तिचे पैसे परत कधीच मिळत नाहीत. पण खर्च थांबत नाही. विमानं बहुतेक भाड्यानं घेतलेली असतात, त्याचं भाडं डॉलरमध्ये. विमानतळाची फी वेगळी. इंधनाचा खर्च सगळ्यात मोठा. मंदी आली की लोक आधी प्रवास कमी करतात. भाडं आणि इंधन कंपनीच्या हातात नसतं. हातात असतो तो माणसांचा पगार, म्हणून कात्री तिथं लागते. गुत्त्याची माणसं काढायला तर नोटीसही लागत नाही. ठेकेदाराला सांगितलं की झालं.

२००८ साली हे सगळ्या देशानं पाहिलं. त्या जुलैत कच्चं तेल पिंपामागं १४७ डॉलरवर गेलं. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही मोठी वित्त कंपनी बुडाली आणि जगभर मंदी आली. आपल्याकडं जेट एअरवेजनं १५ ऑक्टोबरला साधारण आठशे जणांना कामावरून काढलं. आणखी अकराशे जण जाणार होते, म्हणजे एकोणीसशे घरं. त्यात विमानात काम करणाऱ्या तरुण पोरी पुष्कळ होत्या. बऱ्याच जणी अजून पक्क्या झालेल्या नव्हत्या. गणवेश घालून त्या मुंबईच्या विमानतळावर जमल्या, घोषणा दिल्या, टीव्हीसमोर रडल्या. राजकीय पक्ष मध्ये पडले. दुसऱ्याच रात्री कंपनीच्या मालकानं सगळ्यांना परत घेत असल्याचं जाहीर केलं.

त्या पोरी परत गेल्या याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या परत का जाऊ शकल्या? त्यांचं नाव कंपनीच्या मस्टरवर होतं, म्हणून त्यांना "काढलं" असं म्हणता तरी आलं. त्या एकत्र आल्या आणि कॅमेरेही तिथं आले. ठेकेदाराचा झाडणारा पोरगा गेला तर तो "काढला" असं कुठं लिहिलंच जात नाही. त्याच्यासाठी कोणता कॅमेरा येणार?

अशा मजुरांनीही लढून पाहिलं आहे. मुंबईत एअर इंडियाच्या इमारती झाडणारे ठेक्याचे कामगार कोर्टात गेले होते. सरकारनं १९७६ मध्येच अशा झाडलोटीच्या कामात ठेका बंद केला होता. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ठेका बंद झाला तर त्या कामगारांना थेट कामावर घ्यावं लागेल. मोठा निकाल होता तो. पण ऑगस्ट २००१ मध्ये पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं, एका पोलाद कंपनीच्या खटल्यात, तो फिरवला. ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही असं ठरलं. ठेका नुसता देखाव्याचा आहे हे सिद्ध केलं, तरच दाद मिळते. सिद्ध करायला कागद लागतो, आणि आपल्या ताईच्या पोराकडं तोच नाही.

पुढंही हेच होत राहिलं. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, कामगारांचे महिनोन्‌महिने पगार थकले होते. १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं आणि वीस हजारांच्या आसपास लोक रिकामे झाले. २०२० मध्ये करोनानं दोन महिने देशातली प्रवासी विमानं जमिनीवर बसवली. त्या जुलैत इंडिगोनं दर दहातला एक माणूस कमी करायचं ठरवलं. म्हणजे कायम नोकरीलाही पूर्ण भरवसा नाही, हेही खरंच.

मग फरक काय पडतो? फरक पडतो हातात काय उरतं त्याचा. जेट बुडाली तेव्हा बँकांचं आणि इतरांचं देणं डोंगराएवढं होतं. तरी कामगार भांडले आणि जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात एक गोष्ट पक्की झाली. पीएफ आणि ग्रॅच्युइटी ही कामगाराची हक्काची रक्कम आहे, ती द्यावीच लागेल. नावावर पीएफ खातं होतं, त्यांना मागायला जागा होती. ज्यांचा पीएफ कधी भरलाच गेला नाही, ते काय दाखवणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातलं आपल्या कामाचं सांगतो.

प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार द्यायचा आहे. हिशेब करून बघा. पगार पंधरा हजार आणि नोकरी चार वर्षं, तर नोटिशीचे पंधरा हजार आणि भरपाईचे साधारण तीस हजार. राहिलेला पगार काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत हातात पडला पाहिजे. आणि ठेकेदारानं पगार बुडवला, तर ज्यानं त्याला ठेका दिला त्या मूळ कंपनीवर तो द्यायची जबाबदारी येते. ही शेवटची गोष्ट बैठकीत सांगितली तेव्हा त्या ताईनं पहिल्यांदा मान वर केली.

तिच्या पोराकडं पत्र नव्हतं, पण आम्ही त्याला बसवून विचारलं. आधीचा पगार बँकेत आला होता का? हो, पासबुकात नोंद आहे. विमानतळावर आत जायचा पास होता का? त्याचा फोटो मोबाइलमध्ये निघाला. ड्यूटीचे मेसेज होते. कागद नाही म्हणता म्हणता इतकं निघालं. विमान वाहतुकीचा विषय केंद्र सरकारकडं येतो, म्हणून त्यानं नागपूरच्या केंद्रीय श्रम आयुक्तांच्या कार्यालयासाठी अर्ज लिहिला आहे. त्याच्यासोबत आमच्यातल्या दोघी जाणार आहेत.

आता कोर्सवाल्या पोरीकडं येऊ. आम्ही तिला नको म्हटलं नाही. पोरीनं गावाबाहेर पडावं असं आम्हालाही वाटतं. पण पैसे भरण्याआधी तिला पाच प्रश्न लिहून दिले. तुमच्या घरात कोणी निघालं असेल तर तुम्हीही लिहून घ्या.

एक, "नोकरीची हमी" म्हणतात, ती छापील कागदावर सहीशिक्क्यासह देता का? मागच्या वर्षीच्या किती मुलींना कुठं काम लागलं? दोन, नोकरी लागली तर नेमणूक पत्रावर नाव कोणाचं, विमान कंपनीचं की ठेकेदाराचं? तीन, पीएफ कापणार का? कापणार असतील तर बारा आकडी यूएएन नंबर पहिल्या महिन्यातच मागायचा आणि दर तीन महिन्यांनी मोबाइलवर खातं बघायचं. चार, पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआय कार्ड मिळणार का? आजारपण आणि बाळंतपण, दोन्हीला ते कामी येतं. पाच, नेमणूक पक्की की ठरावीक मुदतीची? मुदतीची असली तरी नव्या संहितेप्रमाणं एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, हे लक्षात ठेवा.

पोरगी जाऊन आली. हमीचं लिहून द्यायला संस्था तयार झाली नाही. पोरगी थोडी रुसली, मग तिनंच सांगितलं की कंपन्यांच्या भरतीच्या जाहिरातीत तिनं शोधलं, पुष्कळ ठिकाणी बारावी आणि बोलायला येणारी भाषा एवढंच मागतात. आता ती आधी इंग्रजी आणि हिंदी बोलण्याचा छोटा क्लास लावणार आहे. त्यासाठी गटानं सहा हजार दिले. बाकीचे चौतीस हजार पेटीत आहेत. तिच्या हातात नेमणुकीचं पत्र आलं आणि नागपुरात खोलीसाठी आगाऊ भरायचे पैसे लागले, तर त्यातून देऊ असं ठरावाच्या वहीत लिहिलं आहे.

मंदी येते आणि जाते. विमानं परत उडतात, माणसंही परत लागतात. पण आपलं लेकरू आत जाताना त्याचं नाव कोणाच्या मस्टरवर चढलं, हे आईनं विचारलेलं बरं. रोजगार हमीच्या कामावर आपण अंगठा देण्याआधी मस्टर वाचून घ्यायचोच की. तसंच हेही.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही विचारा, कोणाचं लेकरू कोणाच्या मस्टरवर आहे. कागद नसेल तर आजपासून जमवायला लागा.