छातीचे माप

शिंपी आपल्या छातीचे माप घेतो ते बाहेरून. पोलीस भरतीत उमेदवाराला छाती फुगवायला लावून फीत गुंडाळतात, तेही माप बाहेरचेच. पण त्या पिंजऱ्याच्या आत हवा मावते किती आणि त्यातली बाहेर टाकता येते किती, हे फितीला कळत नाही. ते मोजायची रीत कोणती, आणि त्या मापाचा तुमच्याआमच्याशी संबंध काय, एवढेच आज सांगायचे आहे. मी डॉक्टर नव्हे. कामगारांचे कागद वाचता वाचता हा विषय शिकावा लागला.

घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. पाच लिटरचा पारदर्शक कॅन घ्या. त्यावर लिटरच्या खुणा करा. तो पाण्याने काठोकाठ भरून, तोंड तळहाताने दाबून, पाणी भरलेल्या घमेल्यात उपडा धरा. घमेले मोरीत ठेवा म्हणजे घरात कटकट नको. खालून रबरी नळी कॅनच्या तोंडात सारा. आता छाती भरून श्वास घ्या आणि नळीतून फुंका, अगदी निघेनाशी होईपर्यंत. जितकी हवा आत गेली तितके पाणी खाली उतरले. खूण वाचा; ते तुमचे माप.

लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली जे यंत्र लोकांपुढे मांडले, त्याचे तत्त्व हेच. पाण्यात उपडे घातलेले भांडे, त्याला कप्पीवरून तोलून धरणारी वजने. माणूस फुंकी तसे भांडे वर उठे. त्यांनी २,१३० माणसांना फुंकायला लावले. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, छापखान्यातले जुळारी होते, पहिलवान होते आणि कंगालही होते. माणसाची उंची एक इंचाने वाढली की ही हवा आठ घन इंचांनी, म्हणजे सुमारे १३० घन सेंटिमीटरने वाढते, असे त्यांना आढळले. तिला त्यांनी दिलेल्या नावासाठी मराठीत ‘प्राणधारिता’ म्हणता येईल.

शांत बसलेला माणूस एका श्वासाला अर्धा लिटर हवा घेतो. छाती भरून, जोर लावून टाकली तर धडधाकट पुरुषाची साडेतीन ते पाच लिटरपर्यंत निघते. स्त्रियांची त्याहून कमी. एवढे करूनही सुमारे सव्वा लिटर हवा आत राहतेच. ती फुंकून बाहेर येत नाही, म्हणून या यंत्राला ती मोजता येत नाही.

पुढे यात वेळेची भर पडली. पॅरिसचे डॉक्टर तिफनो यांनी १९४७ साली, ठरावीक वेळात हवा किती निघते ते पाहावे, असे सुचवले. आज पहिल्या सेकंदाची हवा वेगळी मोजतात. निरोगी तरुण माणूस आपल्या हवेचा सुमारे चार पंचमांश भाग पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. लोटा लहान असेल तर पाणी थोडे, पण भरकन पडते. लोटा मोठा आणि गळा अरुंद असेल तर पाणी पुष्कळ, पण धार बारीक. दगडाच्या धुळीने फुप्फुसे घट्ट होतात तेव्हा लोटा लहान होतो. दमा, विडी, वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर आणि कापसाची धूळ ही गळा आवळतात.

आता मुख्य मुद्दा. आकडा आला, पण तो चांगला की वाईट हे ठरवायचे कशावरून? यंत्र तुमची उंची, वय आणि स्त्री की पुरुष हे पाहून अपेक्षित आकडा काढते आणि त्याच्याशी तुलना करते. ऐंशी टक्क्यांच्या वर असलात की बहुधा ‘ठीक’ असा शेरा पडतो. यात गफलत कशी होते पाहा. समजा, तीस वर्षांच्या कामगाराची अपेक्षित हवा चार लिटर आणि त्याची प्रत्यक्षात भरली ४.४. दहा वर्षांनी ती ३.४ झाली. वयाने दरसाल सुमारे ३० घन सेंटिमीटर हवा सर्वांचीच कमी होते, म्हणून आता अपेक्षित ३.७. हा गडी ब्याण्णव टक्क्यांवर, शेरा ‘ठीक’! पण त्याचा एक लिटर गेला, त्यातला वयाने नेला तो केवळ ०.३. उरलेला ०.७ लिटर कोणी नेला?

हचिन्सन यांनी हे ओळखले होते. फ्रीमन नावाच्या एका अमेरिकन धिप्पाड मुष्टियोद्ध्याची हवा त्यांना १८४२ मध्ये ४३४ घन इंच, म्हणजे सात लिटरांवर भरली होती. दोन वर्षांनी ती बरीच उतरली, तरी सामान्य माणसाहून पुष्कळच होती. १८४५ मध्ये तो क्षयाने गेला. त्याची घसरण दिसली ती त्याच्याच पहिल्या मापाशेजारी.

कापसाच्या धुळीचा रोग तर एका पाळीतही आपली खूण दाखवतो. सुट्टीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांत तो सोमवारचा आजार म्हणून ओळखला गेला. अमेरिकेच्या १९७८ च्या नियमाने या दिवशी पाळीपूर्वी आणि निदान चार तासांनंतर, अशी दोनदा फुंकर मोजणे घातले. आपल्याकडेही कायद्याच्या यादीत हा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. पण यादीतला रोग अंगात आहे हे दाखवावे लागते.

एका सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यातले एक सोबती माझ्याकडे आले होते. जिना चढताना मध्येच बसत; कागदावर मात्र ‘ठीक’. भरतीच्या वेळी त्यांना फुंकायला लावले होते. तो कागद मागितला, तर दप्तरात सापडत नाही असे उत्तर मिळाले. शेजारी ठेवायला दुसरा आकडाच नव्हता. भरपाईची मागणी तिथेच अडली.

म्हणून माझी विनंती साधी आहे. तुमच्या घरातले कोणी सूतगिरणीत, खाणीत वा दगडाच्या खडीयंत्रावर कामाला लागत असेल, तर पहिल्याच आठवड्यात श्वास मोजून घ्या आणि कागदाची प्रत मागा. ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. दरवर्षी एक कागद त्यात घाला, आणि शेरा वाचण्याआधी मागच्या वर्षीचा आकडा पाहा.