सूर्याचे मनोरे आणि गवताचा पूल

पेरू देशाचे नाव निघाले की माचू पिचू ही इंका नगरी डोळ्यांसमोर येते, आणि १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेले हे स्थळ त्या मानाला पात्रही आहे. परंतु तेथील मंदिरे, वाडे व पायऱ्या ज्या कामासाठी उभारल्या गेल्या ते काम थांबून काही शतके लोटली आहेत. याच देशात अशीही काही ठिकाणे आहेत, जेथील प्राचीन रचना आपले मूळ काम अद्याप करीत आहेत: मनोरे ऋतू सांगतात, भुयारी कालवे शेतांना पाणी देतात, डोंगरउतारावर मीठ पिकते आणि गवताच्या दोरांवरून माणूस नदी ओलांडतो. माचू पिचूच्या घाईच्या सहलीत त्यांच्या वाट्याला क्वचितच वेळ येतो.

लिमाच्या उत्तरेस, कास्मा खोऱ्याच्या वाळवंटी भागात चांकियो हे सुमारे २३०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे इंका साम्राज्याच्याही कितीतरी आधीचे स्थळ आहे. तेथे एका टेकडीच्या माथ्यावर उत्तर-दक्षिण रांगेत १३ दगडी मनोरे उभे असून, दुरून ही रांग करवतीच्या दात्यांसारखी दिसते. पश्चिमेकडील ठरावीक जागेवरून पाहिल्यास जूनमध्ये सूर्य रांगेच्या उत्तर टोकाशी उगवतो, पुढे दक्षिणायनात एकेक मनोरा मागे टाकत डिसेंबरमध्ये दक्षिण टोकाशी पोहोचतो आणि तेथून परत फिरतो. पूर्वेकडील जागेवरून असाच हिशेब सूर्यास्ताचा ठेवता येतो. मनोऱ्यांमधल्या फटींवरून एक-दोन दिवसांच्या फरकाने तारीख ठरवता येते, हे इव्हान गेझी व क्लाइव्ह रगल्स या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले आणि २०२१ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

चांकियोत आकाशाचा हिशेब आहे, तर दक्षिणेकडील नास्काच्या परिसरात जमिनीखालच्या पाण्याचा. वाळवंटातील प्रचंड रेखाचित्रांसाठी नास्का प्रसिद्ध आहे. मात्र विमानातून ती पाहून परतणाऱ्या बहुतेकांना शहराजवळच कांतायोक येथे असलेल्या ‘पुकियो’ची, म्हणजे भूजल उताराने वाहून आणणाऱ्या भुयारी कालव्यांची, कल्पना नसते. या कालव्यांच्या वाटेवर दगडांनी बांधलेले, शंखासारखे गोल फिरत खाली उतरणारे खड्डे असून त्यांना स्थानिक लोक ‘ओहोस’ म्हणजे ‘डोळे’ म्हणतात. याच डोळ्यांतून खाली उतरून कालव्यातील गाळ काढता येतो. त्यांच्या बांधणीच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी यांतील अनेक कालवे आजही शेते भिजवतात.

कुस्को शहराच्या वायव्येस मारास गावाजवळ समुद्रसपाटीपासून ३००० मीटरहून अधिक उंचीवर मिठागरे आहेत. समुद्रापासून एवढ्या दूर मीठ कोठून यावे, याचे उत्तर डोंगराच्या पोटातून येणाऱ्या एका खाऱ्या झऱ्यात आहे. त्याचे पाणी अरुंद पाटांतून उतारावरच्या हजारो छोट्या वाफ्यांत फिरवले जाते. वाफा भरला की त्याचे तोंड बंद करतात, कोरड्या ऋतूतील कडक उन्हात पाणी आटते आणि तळाशी साचलेला पांढरा-गुलाबी थर खरवडून घेतला जातो. हे वाफे स्थानिक कुटुंबांकडे वंशपरंपरेने चालत आलेले आहेत.

या सर्वांचा कळस म्हणजे कुस्को विभागातील आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका पूल. केचुआ भाषेत ‘केस्वा’ म्हणजे वळलेला दोर आणि ‘चाका’ म्हणजे पूल. सुमारे ३० मीटर लांबीचा हा झुलता पूल ‘इचू’ नावाच्या डोंगरी गवताचा असल्याने तो वर्षभरात जीर्ण होतो, आणि म्हणून दरवर्षी जूनमध्ये आसपासच्या चार गावांतील लोक तो नव्याने बांधतात. गवत दगडांनी ठेचून मऊ करतात, स्त्रिया त्याला पीळ देऊन बारीक दोऱ्या वळतात, त्या दोऱ्यांचे जाड दोर होतात आणि अनेक दोरांचा मिळून मनगटाहून जाड असा दोरखंड तयार होतो. पाचामामा म्हणजे धरणीमाता, तिला नैवेद्य दाखवल्यावर पुरुष नवे दोरखंड दरीवर ताणून बसवतात. जुना पूल कापून नदीत सोडला जातो. मग ‘चाकारुवाक’ म्हणजे पूल विणणारे कारागीर दोन्ही काठांवरून कठडे विणत निघतात व मध्यावर येऊन भेटतात. तीन दिवसांच्या या कामात यंत्र वापरले जात नाही आणि चौथा दिवस उत्सवाचा असतो. या विद्येला युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

केस्वाचाकाला जाणाऱ्याने विरळ हवेची सवय होण्यासाठी कुस्कोत आधी दोन-तीन दिवस काढावेत, आणि शक्य असल्यास जून महिना निवडावा. दगडी वास्तू दुर्लक्ष होऊनही शतकानुशतके उभी राहते, गवताचा पूल मात्र माणसांचे हात थांबताच संपतो. महासाथीमुळे २०२० मध्ये केस्वाचाकाची बांधणी होऊ शकली नाही आणि २०२१ च्या मार्चमध्ये तो तुटून पडला. त्याच वर्षी जूनमध्ये गावकरी पुन्हा दोन्ही काठांवर जमले आणि त्यांनी तो नव्याने विणला.